पीएमआर-३०: रेंजवरचं पहिलं मत

गोळी झाडताना हाताला धक्का जवळपास नाहीच, मग पिस्तुलात .२२ मॅग्नम हे बारीक काडतूस घेऊन मिळतं काय, असं तुम्ही विचारलंत. इथे टेक्सासमध्ये केल-टेक या अमेरिकन कंपनीचं, हेच काडतूस वापरणारं पीएमआर-३० पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर चालवून पाहिलं, म्हणून थोडी भर घालतो.

आधी जाणवतं ते वजन. रिकामं पिस्तूल जेमतेम ४०० ग्रॅम, आणि मॅगझिनमध्ये तब्बल ३० गोळ्या! धक्का खरंच सौम्य आहे, निशाण लगेच पुन्हा जागेवर येतं. पण आवाज कानठळ्या बसवणारा आणि नळीच्या तोंडाशी मोठा जाळ. या काडतुसातली दारू सहसा लांब नळीच्या हिशेबाने भरलेली असते. साडेचार इंचांहून आखूड नळीत ती पुरती जळायच्या आतच गोळी बाहेर पडते. रायफलमधून ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) गोळी सेकंदाला १९०० फुटांच्या आसपास जाते, इथे १२००-१३०० धरून चाला. बंदिस्त रेंजवर इअरप्लगवर इअरमफही घालाच.

मॅगझिन भरताना अजिबात घाई नको. काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्याची कड खालच्याच्या पुढे बसली नाही, तर दोन्ही एकमेकांत अडकतात. थोड्या थोड्या गोळ्या भरायच्या आणि मधेमधे मॅगझिनची पाठ तळहातावर ठोकायची. मॅगझिन सोडायचा खटका मुठीच्या तळाशी आहे, त्याची सवय करावी लागते.

कागदी लक्ष्यावर तासन्‌तास मजेत चालवण्यासाठी जरूर घ्या. स्वसंरक्षणासाठी मात्र मी ९ एमएम काडतुसाचं पिस्तूलच सुचवेन. ते काडतूस सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यभागी पेटणारं; .२२ मॅग्नम रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेत पेटणारं. सेंटरफायर काडतूस पेटण्याची खात्री रिमफायरपेक्षा जास्त असते.