'आम्ही' की 'आपण'? डिस्टोपियन कादंबऱ्यांतला एकटा माणूस

(ही चौघांची लेखी चर्चा आहे. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची १९२०-२१ मध्ये लिहिलेली कादंबरी परवा पुन्हा वाचली. इंग्रजीत ती 'वुई' या नावाने ओळखली जाते. त्यातल्या माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरांच्या भिंती काचेच्या, आणि पडदे ओढायचे तर गुलाबी चिठ्ठी लागते. एक घास किती वेळा चावायचा तेही ठरलेलं आहे: पन्नास वेळा.

मी अडकले ती नावावर. मराठीत काय म्हणायचं, 'आम्ही' की 'आपण'? रशियनला किंवा इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो.

अशा डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्यातला समाज रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांवर बोलताना 'व्यक्ती विरुद्ध समाज' असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. तिथे समाज उरलेला असतोच कुठे? जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये (१९४९) पार्सन्स हा शेजारी झोपेत राजवटीविरुद्ध बरळतो. दाराच्या भोकाला कान लावून त्याची सात वर्षांची मुलगी ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी त्याला पकडून देते. कोठडीत बसून बाप म्हणतो, मला लेकीचा अभिमान वाटतो. हा माणूस कळपात होता असं मी म्हणणार नाही. त्याला स्वतःचं असं कुणीच नव्हतं.

त्याच कादंबरीचा नायक विन्स्टन डायरी लिहितो ती कुणासाठी? अशा काळासाठी, जिथे विचार मोकळा असेल, माणसं एकमेकांहून वेगळी असतील आणि एकटी राहत नसतील. वेगळेपण आणि सोबत, दोन्ही एकाच वाक्यात मागितलंय. आणि त्याला मोडतात तेही सोबतीच्याच जागी. उंदरांचा पिंजरा तोंडाशी आला की तो ओरडतो, हे ज्युलियाला (त्याच्या प्रेयसीला) करा. त्यानंतर त्याच्याकडून काही काढून घ्यायचं शिल्लक राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की या राजवटी माणसाला आधी एकटं पाडतात आणि मगच सगळ्यांसारखा करतात. 'मी, मी' म्हणून त्यांच्याशी लढता येत नाही. लढायला 'आपण' लागतो.

शाईचा डाग

पूर्ण असहमत. 'आपण' हा शब्द तुम्हाला इतका निरागस वाटतो याचंच नवल वाटलं. "आपण असं वागत नाही." "आपल्यात असं बोलत नाहीत." माणसाला लहानपणापासून गप्प बसवणारी वाक्यं 'आपण'चीच असतात. 'आम्ही' निदान सरळ आहे. तुम्ही बाहेर आहात हे कळतं, मग झगडायचं की निघून जायचं ते ठरवता येतं. 'आपण' विचारतही नाही, हात धरून आत ओढतो.

आणि खुद्द झाम्यातिनचं काय झालं ते बघा. या कादंबरीचे भाग परदेशातल्या रशियन मासिकात छापून आले, म्हणून १९२९ मध्ये त्याच्यावर तुटून पडले ते त्याचेच सहलेखक. काल एका टेबलावर बसणारे. त्याने त्यांची संघटना सोडली, १९३१ मध्ये स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, मिळवली, आणि १९३७ मध्ये पॅरिसमध्ये मेला. कादंबरी त्याच्या देशात छापली गेली १९८८ साली. तुटून पडणारे ते सगळे 'आपण'च होते ना?

रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीत (१९५३) पुस्तकं जाळणारा कॅप्टन बीटी स्वच्छ सांगतो की हे सरकारने वरून लादलं नाही, लोकांनी आपणहून वाचणं सोडलं. माणसाला एकटं पाडायला दर वेळी राजवट लागत नाही. शेजारपाजार पुरतो.

तिसरी घंटा

दोघांच्याही मधला, एका मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगतो. सॉलोमन अ‍ॅश, १९५० चं दशक. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींतली कोणती पहिलीएवढी, एवढंच सांगायचं. फरक डोळ्यांना दिसेल असा. खोलीत सात-आठ जण, पण खरा पाहुणा एकच, बाकीचे सामील. ते एकामागून एक, शांतपणे, चुकीच्या रेघेचं नाव घेतात. मग पाहुण्याची पाळी येते.

अशा सापळ्याच्या फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं घोळक्याप्रमाणे चुकीची आली. पाऊण लोक निदान एकदा तरी झुकले. एकट्याला बसवून विचारलं, तर चूक जवळपास होतच नव्हती.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. सामील लोकांतल्या फक्त एकाला अ‍ॅशने खरं उत्तर द्यायला लावलं, तर दबाव चौथ्या हिश्श्यावर आला. त्यासाठी पाहुण्याच्या बाजूने अर्धी खोली असावी लागली नाही. मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातही तेच दिसलं. तिथे हुकमावरून एकेक बटण दाबत दुसऱ्या माणसाला वाढत्या जोराचे विजेचे झटके द्यायचे होते (झटके खोटे, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं). मूळ मांडणीत ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, आणि शेजारी बसवलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त ४.

शाईचा डाग

आकडे मान्य. पण त्याच आकड्यांतला एक तुम्ही घाईने ओलांडलात. पाऊण लोक कधी ना कधी झुकले, म्हणजे पाव लोक एकदाही झुकले नाहीत. त्यांना जोडीदार दिला नव्हता. सगळ्या खोलीच्या विरोधात बसून ते आपल्या डोळ्यांना दिसलं तेच सांगत राहिले. मला त्यांच्याबद्दल वाचायचंय. आणि तो खरं बोलणारा जोडीदार? प्रयोगात त्याला नेमता येतं. आयुष्यात त्याला कुणीतरी आधी एकट्याने व्हावं लागतं.

काठावर

मी एरवी नुसती वाचते, आज लिहिते. मी काम करत होते तिथे एका सहकाऱ्याविरुद्ध पत्र फिरलं होतं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यावर अकरा सह्या होत्या, वेगवेगळ्या शाईच्या, एकीखाली एक. मजकूर खोटा आहे हे मला माहीत होतं. मी पेन उघडलं, थोडा वेळ नुसतं धरलं आणि बारावी सही केली. ती मुलगी महिन्याभरात नोकरी सोडून गेली.

वर्षाने जिन्यात गप्पा मारताना कळलं की आधीच्या अकरांतल्या तिघांनाही पत्र खोटंच वाटलं होतं. प्रत्येकाने आपल्या वरच्या सह्या मोजल्या होत्या. आम्ही चौघं होतो, आणि चारही जण एकटे.

उंबरठा यांचं म्हणणं मला इथे पटतं. पण शाईचा डाग यांचंही उत्तर माझ्याकडे नाही. मला सोबत नव्हती हे खरं, पण पेन माझ्याच हातात होतं.

उंबरठा

काठावर, हे लिहायला बळ लागलं असेल. तुम्ही दिलेलं चित्र माझ्या सगळ्या उदाहरणांपेक्षा नेमकं आहे.

शाईचा डाग, पहिला नकार एकट्यालाच द्यावा लागतो हे मी मान्य करते. सुरुवातीला मी ते गाळलं होतं, चूक माझी. पण तुम्ही बीटीचं नाव काढलंत तर त्याच पुस्तकातली क्लॅरिस ही मुलगी बघा. ती शाळेत 'समाजविरोधी' ठरते, कारण तिला माणसांशी बोलायचं असतं. भिंतीवरच्या टीव्हीच्या पडद्यासमोर सगळ्यांसोबत गप्प बसणं म्हणजे समाजात मिसळणं, आणि पावसाबद्दल दोन शब्द बोलणं म्हणजे विकृती! ती स्वतः म्हणते की मी फार माणसांतली आहे, तुम्ही कशाला माणसांत असणं म्हणता त्यावर सगळं आहे. आणि शेवटी शहराबाहेर शेकोटीभोवती बसलेले ते लोक! प्रत्येकाने एकेक पुस्तक पाठ केलंय. दुसऱ्याचं पुस्तक कुणालाच पूर्ण येत नाही, म्हणून प्रत्येकाला प्रत्येकजण हवा आहे. माझ्या मनातला 'आपण' हा असा आहे. एकसारख्यांचा नाही.

शाईचा डाग

ती शेकोटी मलाही आवडते. तशी जमली तर मी येऊन बसेन. पण येण्याआधी विचारेन की उठून जायची मुभा आहे का. तुमच्या 'आपण'मध्ये या प्रश्नाला जागा असेल तर माझा विरोध बराच कमी होतो, संपत मात्र नाही.

नावाचं मात्र मी सांगतो: 'आम्ही'. झाम्यातिनच्या कादंबरीचा निवेदक डी-५०३ सुरुवातीलाच लिहितो की मला जे वाटतं ते, म्हणजे खरं तर आम्हाला जे वाटतं ते, मी टिपून ठेवणार आहे. आणि तो लिहितो कुणासाठी? परग्रहावरच्या अनोळखी वाचकांसाठी, ज्यांना अजून त्या जोखडाखाली आणायचंय. वाचक पहिल्या पानापासून बाहेर आहे. शेवटच्या नोंदीत तर त्याची कल्पनाशक्ती शस्त्रक्रियेने काढून टाकलेली आहे. समोर काचेच्या घंटेखाली आय-३३० ही बाई बसली आहे, जिच्यावर त्याने जीव लावला होता. हवा काढून घेतात, ती एक शब्द बोलत नाही. पुन्हा आत घालतात, तरी नाही. तो शांतपणे बघतो आणि लिहितो की विजय आमचाच होणार.

तिथे 'आपला' लिहून बघा.

उंबरठा

लिहून बघितलं. नाही बसत. ती काचेच्या आत आहे.