मदत हवी आहे: बालविभागासाठी मुलांनी हात लावावा असा फलक

नमस्कार मंडळी,

बडोद्याला दांडिया बाजार भागातल्या एका मराठी वाचनालयात मी सुट्टीच्या दिवशी बालविभाग बघते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या पुस्तकांवर फलक करायचा आहे. मुखपृष्ठं टाचून वर 'वाचाल तर वाचाल' लिहिलेला नको. तो मोठी माणसं वाचतात, मुलं खालून निघून जातात. मुलांनी काहीतरी उघडावं, ओढावं आणि तिथून थेट कपाट गाठावं, एवढीच इच्छा आहे.

आमची मुलं घरी मराठी बोलतात, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी. हिंदीमुळे देवनागरी येते, पण सावकाश वाचतात. त्यामुळे मजकूर एका ओळीचाच हवा.

कल्पना इथलीच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं काम सोपवलं, त्या काळात पुस्तकांच्या लाकडी पेट्या संस्थानातल्या खेड्यापाड्यांत फिरायच्या. तशी मोठी पेटी फलकावर करायची आणि तिच्या फळ्या म्हणजे उघडणाऱ्या झडपा. एका झडपेवर 'माझं खरं नाव बनेश, गाव फुरसुंगी. मी कोण?' आणि आत फास्टर फेणे. शेजारी गुजराती बालकथांमधला बकोर पटेल हवाच, बोकड असूनही पटेल म्हणवणारा! त्याला आमची सगळी मुलं ओळखतात.

अडतंय ते असं: कार्डशीटची झडप दुमडीवर लगेच फाटते. उत्तर एकदा कळलं की पुन्हा कोण उघडणार? आणि मुलांचं मत कसं घ्यावं? लिहायला सांगितलं की सगळे 'पुस्तक छान आहे' लिहून मोकळे.

प्रतिसाद १
झडपेला जुन्या फाईलचा पुठ्ठा वापरा आणि दुमडीवर बाइंडिंगची कापडी पट्टी फेविकॉलने चिकटवा. पट्टी आतून-बाहेरून दोन्हीकडे हवी. लहान मुलं असतील तर टाचण्या टाळा, वेल्क्रो लावा. फलकाची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा.

प्रतिसाद २
आत उत्तर लिहूच नका ना! पुस्तकाचं नाव, कपाट क्रमांक आणि पान क्रमांक एवढंच द्या. उत्तर हवं तर पुस्तक काढावंच लागेल. पान तुमच्याच प्रतीतलं बघून लिहा, आवृत्तीनुसार ते बदलतं. मत विचारण्याऐवजी, ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं पुढच्या झडपेचा प्रश्न तयार करायचा. प्रश्न काढायला पुस्तक नीट वाचावं लागतं. गुजराती अक्षरात लिहिला तरी चालवून घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पान क्रमांकाची युक्ती फारच आवडली, प्रश्नही मुलांकडूनच घेईन. फक्त आमच्याकडे बहुतेक पुस्तकांची एकच प्रत आहे. एकानं ती घरी नेली तर बाकीच्यांची झडप अडून राहील. झडपेवरची पुस्तकं सुट्टीपुरती तिथेच बसून वाचायला ठेवावीत, की घरी नेऊ द्यावीत? कुणी असं केलं असेल तर सांगा.