विषय: सपाट सायकलवाट हवी, वाटेत कॉफीही हवी

प्रेषक: अनिकेत, रेडमंड
१९ ऑगस्ट

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये पुण्याहून अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडला आलो, मंडळाच्या यादीवर ही माझी पहिलीच मेल. माझे बाबा अमरावतीहून आले आहेत आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथे आहेत. वय ६९. परतवाड्याला नोकरीत असताना त्यांनी सगळी वर्षं सायकलवर काढली. दुसरी आवड कॉफीची. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्यालाच, आणि ती पूड आमच्या घरात कधी संपलेली मला आठवत नाही.

इथे दिवसभर घरात बसून ते अगदी कोमेजले होते. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी त्यांची सायकल देऊ केली. बाबांनी पार्किंगमध्ये टांग मारून दोन चकरा मारल्या आणि रात्री जेवतानाही तोच विषय! त्यांना कुठे नेऊ? गुडघ्यामुळे चढ नको. उजव्या बाजूने चालवायची सवय नाही, त्यामुळे गाड्यांचा रस्ताही नको. आणि मध्ये कुठेतरी निवांत बसून चांगली कॉफी मिळावी.

अनिकेत

---

प्रेषक: सुहास, इसाक्वा
१९ ऑगस्ट

बर्क-गिलमन ही सायकलवाट. दुसरा विचारच करू नका. बाकी सगळं मेधाताई सांगतील, दर उन्हाळ्यात त्या नवीन लोकांना घेऊन जातात.

सुहास

---

प्रेषक: मेधा, बॉथेल
२० ऑगस्ट

अनिकेत, तुला अरेतुरे करते, चालेल ना? बाबांना माझा नमस्कार सांग.

पहिली गोष्ट, वाट निवडताना मैल मोजू नकोस, थांबे मोज. अकरा वर्षं मी नवख्या माणसांना या वाटांवर नेते आहे. जे पुन्हा आले नाहीत त्यांचे पाय दुखले म्हणून आले नाहीत असं फारसं झालेलं नाही. बाथरूम वेळेवर सापडलं नाही, नाहीतर बसायला जागा मिळाली नाही, हीच कारणं. बायका आणि वयस्कर माणसं हे बोलून दाखवत नाहीत, 'पुढच्या वेळी बघू' म्हणतात. म्हणून माझा ठरलेला हिशेब आहे: चार-पाच मैलांच्या आत बाथरूम आणि दहा मैलांवर पाठ टेकून बसता येईल अशी कॉफी.

चढाची काळजी सोड. थॉमस बर्क आणि डॅनियल गिलमन या दोघांनी १८८५ मध्ये इथे रेल्वे कंपनी काढली, त्याच रुळांच्या जागेवर बर्क-गिलमन ट्रेल आहे. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, त्यामुळे रूळ टाकणाऱ्यांनी लेक वॉशिंग्टन या तळ्याच्या काठाकाठाने जमीन जवळपास सपाट करून ठेवली. १९७१ मध्ये ही गाडी बंद पडली, लोकांनी वाट मागितली आणि १९७८ मध्ये गॅसवर्क्स पार्क ते केनमोर हा बारा मैलांचा पहिला टप्पा खुला झाला. आता सिएटलच्या बॅलर्ड भागापासून बॉथेलपर्यंत सुमारे २० मैल आहे. बाबांच्या गुडघ्यांना त्या जुन्या इंजिनांचे आभार मानायला हवेत.

पण तू रेडमंडला आहेस, तेव्हा सुरुवात मेरीमूर पार्कपासून कर. तिथून बॉथेलपर्यंत समामिश नदीच्या काठाने दहा-एक मैल जातात. ही वाट बर्क-गिलमनपेक्षाही सपाट, रस्ते बहुतेक पुलांखालून ओलांडले जातात. फुटबॉलची मैदानं दिसली की सिक्स्टी एकर्स आलं, तिथे बाथरूम. सातव्या मैलाच्या आसपास वुडिनव्हिलचं विल्मट गेटवे पार्क, तिथेही बाथरूम आणि वेलींच्या मांडवाखाली बाकं. पहिल्या दिवशी बाबा इथेच थांबायचं म्हणाले तर खुशाल थांबा. गावात चालत जाऊन कॉफी प्या आणि परत फिरा.

पुढे गेलात तर बॉथेल लँडिंगला नदीवर लाकडी पूल लागेल. तो ओलांडून मेन स्ट्रीटवर या. मी सगळ्यांना पहिली मोठी कॉफी इथे पाजते. रस्ता छोटा आहे, गाड्या हळू जातात, बाहेर टेबलं असतात आणि सायकल डोळ्यांसमोर राहते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. दुसऱ्या एका गावात कॉफी सुंदर होती म्हणून आम्ही मागच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर आलो तर माझ्या जावेच्या सायकलचं सीट दांडीसकट गायब. नऊ मैल ती उभ्याने पायडल मारत आली. तेव्हापासून जिथून सायकल दिसते तिथेच कॉफी.

बॉथेलनंतर बर्क-गिलमन सुरू होते. केनमोरला लॉग बूम पार्क, तळ्यात शिरलेला लांब धक्का. पाण्यावर उतरणारी विमानं इथून अगदी जवळून दिसतात, बाबांना तिथे अर्धा तास द्या. पुढे दोनेक मैलांवर लेक फॉरेस्ट पार्क. सिग्नलला रस्ता ओलांडला की समोरच्या संकुलात थर्ड प्लेस हे पुस्तकांचं मोठं दुकान आहे. त्याला लागून खूप टेबलं असलेला मोकळा हॉल आहे आणि जमिनीवर भलामोठा बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो. पाऊस आला तर आम्ही इथे दोन-दोन तास काढले आहेत, 'आता उठा' असं कुणी म्हणत नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला अशी जागा मला कॉफीपेक्षाही मोलाची वाटते.

एका गोष्टीपासून सांभाळ. झाडांच्या मुळांनी डांबर जिथे जिथे वर उचललं आहे तिथे चाक उडतं. सावलीत ते उंचवटे दिसत नाहीत. बाबांना तुझ्या मागे ठेव आणि उंचवटा आला की हात वर कर.

सिएटलमधल्या विद्यापीठापर्यंतचा टप्पा नंतर कधीतरी. तिथे वाट सोडून वर चढावं लागतं, पण सायकल हातात धरून चढा आणि कॅफे आलेग्रोला जाऊन या. एका बोळात आहे, १९७५ पासून. शहरातला सगळ्यात जुना एस्प्रेसो बार तो हाच. सिएटलच्या कॉफीचं नाव जगभर झालं त्याच्या कितीतरी आधी तिथे विद्यार्थी वह्या उघडून बसत. परतताना पाय थकले तर मेट्रोच्या (इथल्या शहरी बससेवेच्या) बसला पुढच्या बाजूला सायकलींचा रॅक असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मेधा

---

प्रेषक: वैशाली, केनमोर
२० ऑगस्ट

मेधाताईंनी सगळं सांगितलंच आहे, दोनच गोष्टी जोडते. किंग काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, वाटांवर वेगमर्यादा ताशी १५ मैल आहे. मागून येणारे 'ऑन युअर लेफ्ट' (तुमच्या डावीकडून पुढे जातोय) म्हणतात तेव्हा नवीन माणूस हमखास डावीकडे वळतो. माझ्या सासूबाई अशाच वळल्या आणि पडता पडता वाचल्या. बाबांना आधीच सांगून ठेवा: हे शब्द ऐकले की काहीच करायचं नाही, सरळ जात राहायचं. आणि स्वतः पुढे जाताना घंटी वाजवायची.

दुसरं हेल्मेट. किंग काउंटीने सक्ती २०२२ मध्ये उठवली, तरी हेल्मेटशिवाय निघू नका. आमच्याकडे एक जादा आहे, हवं तर घेऊन जा.

वैशाली

---

प्रेषक: सुहास, इसाक्वा
२१ ऑगस्ट

अनिकेत, मेरीमूरवरून उलट्या दिशेची वाटही लक्षात ठेवा. समामिश तळ्याच्या पूर्वेकडून इसाक्वापर्यंत ११ मैल. २०२३ पासून सलग डांबरी झाली, त्याआधी मधला तुकडा खडीचा होता. हीसुद्धा बर्क आणि गिलमन यांच्या रेल्वेचीच जागा. कोळशासाठी गाडी इथवर आली आणि १८९२ मध्ये गावाची स्थापना झाली तेव्हा नावच गिलमन ठेवलं होतं, इसाक्वा हे नाव १८९९ मधलं. आज गिलमन व्हिलेज म्हणतात तिथे जुनी लाकडी घरं आणून दुकानं केली आहेत. त्यांच्या लाकडी ओसऱ्यांवर बसून कॉफी प्यायला मला फार आवडतं, आजोळची पडवी आठवते.

थांब्यांच्या बाबतीत मात्र मेधाताईंचा हिशेब इथे जुळत नाही. मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना घरंच घरं आहेत, कॉफी थेट शेवटी. त्यामुळे थर्मास बरोबर घ्या. पण सप्टेंबरच्या शेवटी याच. तेव्हा सामन मासे समुद्रातून उलटे पोहत गावातल्या ओढ्यात येतात. मत्स्यबीज केंद्राच्या पुलावर उभं राहिलं की हातभर लांबीचे मासे पाण्याच्या ओघाशी झुंजताना खाली दिसतात. मेळघाटात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ते दाखवायलाच हवं.

सुहास

---

प्रेषक: अनिकेत, रेडमंड
२५ ऑगस्ट

मेधाताई, वैशालीताई, सुहासदादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल आम्ही बॉथेलपर्यंत जाऊन परत आलो. वीस मैल!

सकाळी आठला निघालो. सिक्स्टी एकर्सच्या अलीकडे माझीच चेन उतरली. मी फोन काढून व्हिडिओ शोधायला लागलो. बाबा म्हणाले, "ठेव तो फोन." मागचं गिअरचं प्रकरण त्यांना नवीन होतं, तो भाग मी पुढे ढकलून धरला. त्यांनी एक काडी उचलली, चेन वरच्या दात्यांवर टेकवली आणि पायडल हाताने हळूच फिरवलं. कटकट आवाज करत चेन बसली. बोटं काळीकुट्ट झाली होती, ती त्यांनी गवताला पुसली. कितीतरी दिवसांनी मी त्यांना शीळ घालताना ऐकलं.

वुडिनव्हिलनंतर ब्लॅकबेरीच्या जाळ्या पिकून लवलेल्या होत्या. बाबा उतरले, काटे चुकवत ओंजळभर तोडल्या. म्हणाले, "करवंदाच्या जाळीसारखंच आहे रे हे, फक्त चीक नाही." रुमालाला पडलेले डाग जाणार नाहीत, आई काय म्हणेल ते व्हिडिओ कॉलवर कळेलच.

मेन स्ट्रीटवर टेबल बाहेरच मिळालं, सायकली समोर. बाबांनी आधी दूध-साखर न घालता एक घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत काउंटरपाशी गेले आणि हातवारे करत विचारलं की बी कुठली. तिथल्या मुलाने पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली, इथिओपियाची होती. बाबांनी डोळे मिटून वास घेतला. मग त्याला सांगितलं, 'आमच्याकडे डोंगरात पिकते, चिखलदरा.' त्याने म्हणून पाहिलं ते भलतंच काहीतरी झालं, बाबांनी पुन्हा सावकाश म्हणून दाखवलं. शेवटी त्याने कपाच्या पुठ्ठ्यावर ते नाव इंग्रजीत लिहून घेतलं आणि पुठ्ठा मशीनजवळ टेकवून ठेवला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "याला पूड पाठवायला पाहिजे."

येताना वाऱ्याच्या विरुद्ध होतो, विल्मट पार्कच्या बाकावर वीस मिनिटं पडून राहिलो. मेधाताई, ते बाक नसतं तर तिथून मी गाडी बोलावली असती. थांबे मोजा म्हणालात ते तिथे पटलं.

आज सकाळी सहा वाजता बाबा सायकल पुसत होते. इसाक्वाला कधी जायचं विचारत आहेत.

अनिकेत

---

प्रेषक: मेधा, बॉथेल
२५ ऑगस्ट

वाचून डोळे भरून आले रे.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी इसाक्वा ठरवू या. सकाळी साडेआठला मेरीमूर. बाथरूम तिथेच उरकून निघायचं, कारण सुहास म्हणतो ते खरं आहे, मध्ये लांब पट्टा कोरडा आहे. थर्मास मी आणते, चकल्या वैशालीच्या. परतीचा रस्ता कुणाला झेपणार नसेल तर माझी गाडी इसाक्वाला आधीच लावून ठेवते, मागे तीन सायकली बसतात. ज्यांना यायचं आहे त्यांनी याच मेलला उत्तर द्या, आणि सायकल नसेल तर तेही लिहा, दोन जादा आहेत.

अनिकेत, बाबांना म्हणावं चिखलदऱ्याची पूड असेल तर थोडी बरोबर आणा. थर्मासमध्ये तीच घालू.

मेधा