मदत हवी आहे: भाचीला खाजगी विद्यापीठात घालावं का? शनिवारपर्यंत सीट बुक करा म्हणतात

मामा_बार्शीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भाची यंदा बारावी झाली. एमएचटी-सीईटीला पीसीएममध्ये ९१.४ पर्सेंटाइल. तिला कॉम्प्युटर नाहीतर आयटीच हवंय. ओबीसी, भाऊजींचं बार्शीत भांड्यांचं दुकान, उत्पन्न आठ लाखांच्या आतच. कॅपचं (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचं) रजिस्ट्रेशन अजून केलेलं नाही.

मागच्या रविवारी सोलापुरात एका हॉटेलात शिक्षण मेळावा होता. भाऊजी तिला घेऊन गेले. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठाच्या स्टॉलवर (नाव लिहीत नाही) तिथल्या तिथे वीस मिनिटांची टेस्ट घेतली आणि संध्याकाळी फोन, अभिनंदन, मुलीला २५ टक्के स्कॉलरशिप! बीटेक सीएसई, एआय स्पेशलायझेशन. वर्षाची फी ३,२०,०००, ती स्कॉलरशिप धरून २,४०,०००. हॉस्टेल-मेस १,४०,००० वेगळे. तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला काउन्सेलर मॅडमचा व्हॉट्सॲप येतो, 'सर, ओन्ली ७ सीट्स लेफ्ट'. काल ४ होत्या, आज पुन्हा ६ झाल्यात. शनिवारपर्यंत ५०,००० भरले नाहीत तर स्कॉलरशिप जाणार म्हणे.

भाऊजी घाबरलेत. ताई म्हणते, पोरीचं वर्ष वाया जायला नको. घरात इंटरनेटवालं माणूस मी एकटा, त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात.

मला पडलेले प्रश्न: हे विद्यापीठ खरं की खोटं ते कुठे बघायचं? डिग्री सरकारी नोकरीला चालते का? त्यांच्या साइटवर एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) उल्लेखच सापडत नाही, म्हणजे काही गडबड आहे का? आत्ता ५०,००० भरले आणि नंतर कॅपमधून चांगलं कॉलेज लागलं तर पैसे परत मिळतात का? मुलींना फी माफ झाली असं ऐकलंय, ती इथे लागू होते का? आणि प्लेसमेंटचे आकडे खरे मानायचे का? ब्रोशरवर एका मुलाचा फोटो आणि खाली ५४ लाख लिहिलंय.

फ्लॅट_४०४

सीट्स ४ च्या ६ झाल्या हे वाचून बरं वाटलं. निदान काहीतरी वाढतंय.

खडू_फळा

मामा, शनिवार विसरा. मी एका खाजगी विद्यापीठात अकरा वर्षं शिकवलंय, आता सोडलंय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

आधी खरं-खोटं. आपल्याकडे खाजगी विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्याने उभं राहतं. त्याचं नाव युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) साइटवर राज्यांच्या खाजगी विद्यापीठांच्या यादीत असायलाच हवं. तिथेच बनावट विद्यापीठांचीही यादी असते, तीही उघडून बघा. 'अभिमत' हा वेगळा प्रकार, तो युजीसी कायद्याच्या कलम ३ खालचा. पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज सीओईपी २०२२ पासून विद्यापीठ झालं, पण ते सरकारी. नावात युनिव्हर्सिटी आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही, कुठल्या यादीत आहे ते बघायचं.

यादीत नाव असेल तर डिग्री वैध आहे, सरकारी नोकरीच्या फॉर्मलाही चालते. एक मात्र तपासा. खाजगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. 'विद्यापीठ अमुक गावचं, पण वर्ग आमच्या इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये' असं कोणी म्हणालं तर तिथेच उठायचं. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन अशी ११२ विद्यापीठं निघाली होती, काहींचा पसारा खोली-दोन खोल्यांचा. प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्द केली. पोरं मात्र मध्येच लटकली.

एआयसीटीईचं म्हणाल तर ती गडबड नाही. विद्यापीठाला इंजिनिअरिंगचा कोर्स काढायला एआयसीटीईची आधी परवानगी लागत नाही, २००१ च्या भारतीदासन विद्यापीठाच्या निकालापासून हे स्पष्ट आहे. निकष पाळावे लागतात, बरीच विद्यापीठं मान्यता घेतातही. पण फार्मसी, लॉ किंवा आर्किटेक्चर असतं तर मी वेगळं बोललो असतो. तिथे त्या-त्या कौन्सिलची मान्यता नसेल तर डिग्री हातात असूनही प्रॅक्टिसचं रजिस्ट्रेशन होत नाही.

सेतू_ते_महाडीबीटी

बाकीच्यांचं चालू द्या, मी फक्त फीबद्दल बोलते. कारण मामांनी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटून दुसरा टाकलाय.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय शोधून पीडीएफ उतरवून घ्या. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. भाची यात तंतोतंत बसते. पण दोन अटी आहेत. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. आणि त्याच निर्णयात खाजगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. तुमचं ते विद्यापीठ या वगळलेल्यांत येतं.

म्हणजे हिशोब बघा. खाजगी विद्यापीठात स्कॉलरशिप धरूनही नुसती फी २,४०,००० गुणिले चार, म्हणजे ९,६०,०००. तीच मुलगी कॅपमधून एखाद्या खाजगी विनाअनुदानित कॉलेजात गेली, हो, खाजगी कॉलेजातसुद्धा, तर शिक्षण शुल्क शून्य. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस भरावंच लागेल, ते तर इथेही आहेच. 'खाजगी कॉलेज' आणि 'खाजगी विद्यापीठ' यांतला फरक लोकांना कळत नाही आणि तिथेच मार खातात. मागच्या वर्षी आमच्या केंद्रावर एक वडील आले होते, महाडीबीटीच्या (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्ममध्ये कॅप आयडीच्या रकान्यात काय भरायचं विचारत. मुलीचा प्रवेश खाजगी विद्यापीठात झालेला. कॅप आयडी नव्हताच. पहिल्या वर्षाचे पैसे गावाकडची म्हैस आणि बायकोच्या पाटल्या विकून भरलेले. त्यांना काय सांगणार?

आणखी एक. कॅपमधून पुण्यात लागलं आणि सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर इतर मागास बहुजन कल्याण विभागाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात. प्रत्येक जिल्ह्याला संख्या ठरलेली असते, म्हणून अर्ज सुटल्या सुटल्या भरायचा.

मामा_बार्शीकर

ताई, हे वाचून मी भाऊजींना फोन केला. ते दोन मिनिटं गप्पच होते. मग म्हणाले, "म्हंजी तिकडं फुकट असताना मी पन्नास हजार घेऊन पळत सुटलो होतो का?"

पण त्यांची भीती अशी की ९१ ला कॅपमधून काही लागलंच नाही तर?

खडू_फळा

लागेल. पुण्यातली वरची पाच-सहा नावं विसरा, दुसऱ्या फळीत मिळू शकतं. अंदाज कशाला, सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ पीडीएफमध्ये असतात. कॉलेज, शाखा, प्रवर्ग सगळं दिलेलं असतं. मुलीलाच बसवा, वहीत पन्नास-साठ कॉलेजं उतरवायला सांगा. सोलापूर, सांगली, कराड, छत्रपती संभाजीनगर पण धरा. पहिला पसंतीक्रम मात्र जपून टाका, पहिल्या फेरीत तोच मिळाला तर तो घ्यावाच लागतो.

मेसचं_वरण

मी खाजगी विद्यापीठात थर्ड इयरला आहे, पुण्यातच. इथे सगळे धुलाई करताहेत म्हणून लिहितोय.

आमच्याकडे सिलॅबस खरंच दरवर्षी बदलतो. सेकंड इयरला क्लाउड शिकलो तेव्हा माझा सरकारी विद्यापीठाच्या कॉलेजातला मित्र अजून मायक्रोप्रोसेसर ८०८६ लिहीत होता. परीक्षा वेळेवर, निकाल तीन आठवड्यांत. मायनर म्हणून मी इकॉनॉमिक्स घेतलंय, ते बाहेर मिळालं नसतं. कॅम्पसही भारी आहे. त्यामुळे सगळी खाजगी विद्यापीठं म्हणजे दुकानं असं नाही.

आता दुसरी बाजू. स्कॉलरशिप लेटर नीट वाचा. माझ्या लेटरमध्ये तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं: पुढच्या वर्षी स्कॉलरशिप चालू राहायला सीजीपीए ८.५ हवा आणि एकही बॅकलॉग नको. फर्स्ट इयरला मॅथ्स-टूमध्ये अडकलो, स्कॉलरशिप गेली. आमच्या विंगमधल्या अकरा जणांपैकी सेकंड इयरला दोघांची टिकली. भाचीचं तसं झालं तर फी २,४०,००० नाही, ३,२०,०००. आणि फी दरवर्षी वाढते ती वेगळीच. चारही वर्षांची फी ईमेलवर मागा. परीक्षा शुल्क, कॉशन मनी, 'वन टाइम' नावाचं जे काही असेल ते सगळं त्यात लिहून मागा. फोनवर सांगितलेलं काही खरं धरू नका.

अटेंडन्स ७५ टक्के आहे आणि तो खरोखर मोजतात. ७४ ला पेपरला बसू दिलं नाही असं आमच्या वर्गात झालंय.

फ्लॅट_४०४

@मेसचं_वरण, ८०८६ ला नावं ठेवू नका. आम्ही त्यावरच संसार उभा केला.

कटिंग_चहा

प्लेसमेंटचं सांगतो, एचआरमध्ये आहे. ५४ लाखवाला एक असतो आणि तो कुठेही गेला असता. ब्रोशर बाजूला ठेवा. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारचं शिक्षणसंस्थांचं रँकिंग) भाग घेणाऱ्या संस्थेला आपण भरलेला डेटा स्वतःच्या साइटवर ठेवावा लागतो. तळाशी कुठेतरी 'एनआयआरएफ' नावाची लिंक सापडेल. त्यात कोष्टक असतं: किती जणांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या वर्षांत किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाला गेले आणि मधला पगार किती. तो मधला पगार बघायचा, म्हणजे सगळ्यांचे पगार ओळीने लावले की मधोमध येणारा. सरासरी नव्हे, सर्वाधिक तर नाहीच. मेळाव्यात ५४ लाख सांगणाऱ्या संस्थेचा हा आकडा पाच-साडेपाच निघालेला मी स्वतः पाहिलाय.

विद्यापीठ नवीन असेल आणि एकही बॅच बाहेर पडलेली नसेल, तर मग ब्रोशरवरचा मुलगा कोण ते विचारा. बहुतेक त्याच ट्रस्टच्या जुन्या कॉलेजातला असतो.

पावती_जपून_ठेवा

५०,००० परत मिळण्याबद्दल. युजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर १०० टक्के फी परत, त्यातून प्रक्रियेचे म्हणून फार तर ५ टक्के, तेही ५,००० च्या वर कापता येत नाहीत. त्यानंतर ९०, ८०, ५० असं उतरत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर महिना उलटला की शून्य. २०२४-२५ साठी युजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा द्या असं वेगळं सांगितलं होतं. यंदाचं परिपत्रक आलं का ते बघून घ्या. मूळ कागदपत्रं ठेवून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, एलसीसुद्धा नाही.

नियम असा आहे. आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही अशीच एक सीट बुक केली होती. पावती आली त्यावर 'शिक्षण शुल्क' नव्हतं, 'नोंदणी व समुपदेशन शुल्क, ना-परतावा' होतं. पैसे मागायला गेलो तर म्हणे ही फीच नाही, मग फी परत कशी देणार? युजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली, सात महिने आणि चौदा ईमेल झाल्यावर ३५,००० आले. त्यामुळे भरायचेच झाले तर आधी नमुना पावती मागा आणि पैसे कुठल्या नावाखाली जमा होणार ते वाचा.

मामा_बार्शीकर

सगळ्यांचे आभार. काय घडलं ते लिहितो.

शुक्रवारी भाऊजींनी मॅडमना फोन लावून चार वर्षांची फी आणि स्कॉलरशिपची अट ईमेलवर मागितली. मॅडम म्हणाल्या, 'सर, तशी पॉलिसी नाही, तुम्ही आधी सीट ब्लॉक करा, मग पोर्टलवर सगळं दिसेल'. भाऊजी दुकानदार माणूस. म्हणाले, "मी पातेलं विकताना पण आधी वजन करून दाखवतो." आणि फोन ठेवला.

शनिवार गेला. रविवारी सकाळी साडेनऊला मेसेज: 'गुड न्यूज सर, मॅनेजमेंटने मुदत वाढवली आहे'. सीट्स आता ९ आहेत.

विद्यापीठ युजीसीच्या यादीत आहे, ते खरंच निघालं. भाचीने एनआयआरएफचा कागदही शोधला, मधला पगार ४,८०,०००. तिने कटऑफची वही केलीय, ६४ कॉलेजं झाली. तिचं म्हणणं, कॅपच्या सगळ्या फेऱ्या बघू, काहीच नाही जमलं तर यांच्याकडे ऑगस्टमध्येही सीट असेल.

एकच अडचण. काल कागदपत्रं काढली तर नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. रजिस्ट्रेशनला पावती चालते का?

सेतू_ते_महाडीबीटी

अर्ज केल्याची पावती रजिस्ट्रेशनला चालते, पण मूळ प्रमाणपत्र सीईटी सेलने दिलेल्या तारखेच्या आत अपलोड करावं लागतं, नाहीतर ओपनमध्ये टाकतात. उद्या सकाळी सेतूत जा. तीन वर्षांचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या, त्याच्याशिवाय परत पाठवतात. जात पडताळणी झालीय ना?

मामा_बार्शीकर

ती अकरावीतच केली होती, ताईने फाइलला लावून ठेवलीय. उत्पन्नाचा दाखला एकाच वर्षाचा आहे. भाऊजी आत्ताच तहसीलला निघाले.