लहान मुलांना भरवणं आणि त्यांचं वजन – तुमचे अनुभव सांगा

लेकीला परवा दोन वर्षं झाली, वजन साडेदहा किलो. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण घरी येणारा प्रत्येकजण 'किती सुकलीये गं' म्हणतो आणि मग मी मोबाईल लावून अजून चार घास कोंबते. तुमच्याकडे काय झालं? खरं खरं लिहा.

— आमच्याकडे उलटं. कार्टून लावलं की पोरगा आपोआप आ करायचा, वाटी चाटूनपुसून साफ, आम्ही खूष. तीन वर्षांचा झाला तेव्हा १९ किलो!! डॉक्टरांनी विचारलं, हा 'बास' कधी म्हणतो? मी नि बायको एकमेकांकडे बघत बसलो. मोबाईल बंद केल्यावर आठ दिवस नुसता आकांत, शेजारी बेल वाजवून विचारून गेले, मग एकदा अर्धी पोळी खाऊन म्हणाला 'बाबा बास'. वजन उतरवायचं नाही, उंची वाढेल तसं जुळेल असं सांगितलंय.

— माझा जेवला नाही की सासूबाई लगेच साखर घालून दुधाची बाटली, दिवसाला लिटरभर तरी जायचं. चांगला गुटगुटीत, सगळे दृष्ट काढायचे आणि हिमोग्लोबिन निघालं ८. दूध अर्ध्या लिटरच्या खाली आणलं, साखर बंद, लोहाचं औषध सुरू. तेव्हा कुठे भाकरीकडे हात गेला. पोट दुधानेच भरलेलं, भूक लागणार कधी?

— मी अंगणवाडीत आहे. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्यात जेमतेम अडीच किलो वाढतं, म्हणून भूकही मंदावते आणि आया घाबरून नाक दाबून भरवतात. पण वजनाच्या तक्त्यावर खूप कमी वजनाच्या पट्ट्यात असलेल्या पोराला 'त्याचं त्याला कळतं' म्हणून सोडू नका हं, त्याच्यापाशी बसून, बोलत, तेल-तूप घालून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्यावं लागतं. जबरदस्ती मात्र त्यालाही नाही.

— आमच्यात काऊचा घास चिऊचा घास करत तासभर आणि शेवटी भडाभडा उलटी. ती पुसून परत वाटी! आता अर्ध्या तासात ताट उचलते.

— (धागाकर्ती) आज मेतकूट भात तिच्याच पुढ्यात ठेवला. निम्मा फरशीवर, थोडा केसांत, पाच-सहा घास पोटात. आईला अजून सांगितलं नाहीये.