खाकी कॅम्पबेल बदकाची पिल्लं: आवाजावरून नर-मादी कधी आणि कशी ओळखायची?

भातखाचर (कुडाळ):

खाकी कॅम्पबेलची 40 पिल्लं आहेत, आज 36 दिवसांची. अंड्यांसाठी माद्या ठेवायच्या आहेत. जास्तीचे नर लवकर विकले तर खाद्य वाचेल. आवाजावरून कळतं म्हणतात. सध्या नऊ पिल्लं मोठ्याने क्वॅक-क्वॅक करतात, उरलेली अजून चीं-चीं करतात. चीं-चीं करणारी सगळी नर धरायची का?

दुसरं, तीन पिल्लं नीट चालत नाहीत. दोन पावलं टाकली की खाली बसतात, पाय धनुष्यासारखे वाकलेत. खाद्य कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर आणि मक्याचा भरडा, निम्मं-निम्मं. खाली भाताचं तूस आहे.

पाणकणीस:

नऊ माद्या पक्क्या. उरलेल्या 31 बद्दल आज काहीच सांगता येत नाही, त्यामुळे एकही विकू नका.

चीं-चीं हा नराचा आवाज नाही, तो पिल्लाचा आवाज आहे. मादीही आवाज फुटेपर्यंत तसंच ओरडते. मादीचा आवाज आधी फुटतो, साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात, आणि फुटला की खणखणीत क्वॅक येतो, कुंपणापलीकडे ऐकू जाईल असा. नराचं चीं-चीं सावकाश जाड होत जातं आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात बसक्या, घोगऱ्या आवाजावर येऊन थांबतं. घसा बसलेल्या माणसाने हळू बोलावं तसा तो लागतो. म्हणजे पाचव्या आठवड्यात 'क्वॅक करत नाही म्हणून नर' असं ठरवणारा माणूस उशिरा आवाज फुटणाऱ्या माद्या विकून टाकतो. याच चुकीने कळपातली अंडी कमी होतात.

हा फरक शरीरातच आहे. श्वासनलिका छातीत जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे पक्ष्याचं स्वरयंत्र असतं. नर बदकात तिथे डाव्या बाजूला हाडाचा पोकळ फुगा असतो, मादीत तो नसतो. म्हणून एकदा स्थिरावलेला आवाज पिसांसारखा ऋतूप्रमाणे बदलत नाही.

तपासणी अशी करा. सकाळी खाद्य घालण्याआधी सगळी पिल्लं फळी लावून एका कोपऱ्यात घ्या. कळपात कोण ओरडलं ते कधीच नक्की कळत नाही, म्हणून एकेक उचला. पाय धरून उचलू नका. बदकाचे पाय कोंबडीपेक्षा नाजूक, सांधा निखळतो. एक हात छातीखाली, दुसऱ्या हाताने दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा. कळपापासून आठ-दहा फूट दूर, कळप दिसणार नाही अशा जागी न्या. बदकाला एकटेपणा सोसत नाही. बहुतेक वेळा थोड्याच वेळात ते कळपाला हाक मारतं. गप्पच राहिलं तर डाल्याखाली एकटं ठेवा आणि बाजूला थांबा.

क्वॅक आला की पायात लाल कडी, स्पष्ट घोगरा आला की निळी कडी, चीं-चीं किंवा मधलाच आवाज असेल तर काहीच घालू नका. ही तिसरी रांग ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. 42, 49 आणि 56 व्या दिवशी पुन्हा ऐका. निळी कडी लागोपाठ दोनदा त्याच निकालाची आली तरच तो नर विकायचा. आवाज फुटताना मादीचाही आवाज एखादा आठवडा चिरका, तुटका निघतो, तिथे घाईत नर म्हटलं जातं. नाकातून पाणी किंवा डोळ्याला फेस असेल तर त्या पिल्लाचा घोगरेपणा सर्दीचा असू शकतो. आधी ते बरं होऊ द्या.

कडी प्लास्टिकची, उघडता येणारी घ्या आणि दर आठवड्याला सैल आहे का बघा. दोरा बांधू नका, पाय जाड झाला की तो कातडीत रुततो.

शेवाळ:

पायांचं मी सांगतो, कारण ते आवाजापेक्षा तातडीचं आहे.

तुमच्या वर्णनावरून नायसिनची कमतरता वाटते. बदकाच्या पिल्लाला हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, खाद्याच्या एका किलोत साधारण 55 मिलिग्रॅम. कोंबडीच्या स्टार्टरमध्ये ते कमी पडू शकतं, आणि तुम्ही निम्मा मका मिसळून आणखी कमी केलंय. मक्यातलं नायसिन बांधलेल्या रूपात असतं, पक्ष्याला ते फारसं मिळत नाही. शिवाय प्रथिनंही खाली आली.

आजपासून मका बंद. पिण्याच्या पाण्यात लिटरला 30 ते 40 मिलिग्रॅम नायसिन, रोज ताजं पाणी करून. औषधाच्या दुकानातली गोळी चालते, फक्त सावकाश विरघळणारी नको. किंवा किलोभर खाद्यात 50 ते 75 ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते, वाळवलेलं). बेकरीत पाव फुगवायला वापरतात ते जिवंत यीस्ट नव्हे. दहाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवा. लवकर दिलं तर पिल्लू काही दिवसांत उभं राहतं. सांधा एकदा वाकडा होऊन घट्ट झाला की मग सरळ होत नाही. ती तीन पिल्लं वेगळी ठेवा, नाहीतर बाकीची त्यांना तुडवतात आणि पाण्यापर्यंत पोचू देत नाहीत.

स्टार्टर घेताना पिशवीवर कॉक्सिडिओसिसचं (कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगाचं) औषध मिसळल्याचं लिहिलंय का ते वाचा. त्याचं प्रमाण कोंबडीसाठी ठरवलेलं असतं, बदक त्याहून जास्त खातं. औषध नसलेलं मागा.

आणि मक्याचा, शेंगदाणा पेंडीचा साठा आत्ताच हुंगून बघा. कोकणातल्या दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि तिच्या विषाला, म्हणजे अफ्लाटॉक्सिनला, बदकाचं पिल्लू सगळ्या पाळीव पक्ष्यांत फार लवकर बळी पडतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकाची पिल्लं मोठ्या संख्येने मेली होती, ती बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनेच; हे विष शास्त्रज्ञांच्या हाती लागलं ते त्याच तपासातून. पिल्लं खाणं सोडून मान मागे ताणून मरायला लागली तर नायसिनच्या मागे लागू नका. खाद्य बदला आणि मेलेलं पिल्लू पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

डालं:

पाणकणीस यांच्या म्हणण्यात एक भर. हा नियम मस्कोव्ही जातीच्या बदकाला लावू नका. त्यातली मादी क्वॅक करतच नाही, हळू आवाजात कूजन करते आणि नर फुसफुसतो. तिथे अंगाचा आकार बघा, नर जवळजवळ दुप्पट भरतो. अंडी उबायलाही 28 ऐवजी 35 दिवस लागतात. हॅचरीतून मिश्र पिल्लं आली असतील तर आधी जात वेगळी करा.

शेपटीवरची वळलेली पिसं नराची खूण खरी, पण ती तीन-चार महिन्यांनी येतात आणि पिसं झडली की जातात. तुमच्या खाद्याच्या हिशोबाला ती उशिराची. एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार उलटवून बघता येतं, पण अनोळखी हाताने ते केलं तर पिल्लू कायमचं जायबंदी होतं.

भातखाचर:

मका बंद केला, पाण्यात गोळी सुरू केली. पेंडीच्या एका पोत्याला वास येतोय, ते बाजूला काढलं. नर किती ठेवू? आणि तळीत कधी सोडायचे?

पाणकणीस:

ते पोतं दुसऱ्या कुठल्या जनावरालाही घालू नका. गाभण गाईला तर नाहीच, आणि विष दुधातही उतरतं.

अंडी फक्त खायला किंवा विकायला असतील तर नराची गरजच नाही, नराशिवाय मादी तेवढीच अंडी घालते. उबवायची असतील तर या हलक्या जातीत सहा ते आठ माद्यांमागे एक नर. जास्त नर ठेवले तर ते एकाच मादीवर तुटून पडतात, तिच्या मानेवरची आणि पाठीवरची पिसं उपटली जातात. एक नर राखीव ठेवा, पण वेगळ्या खुराड्यात.

तळीचं म्हणाल तर पोटावर आणि छातीवर पुरती पिसं आली की सोडा, साधारण सातव्या-आठव्या आठवड्यात. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं, मऊ लव भिजली की ते गारठतं. पहिल्या दिवशी दुपारी अर्धा तास, समोर उभं राहून. चढायला उतरती फळी हवी, उभ्या काठाच्या तळीत पिल्लं दमून बुडतात. तोवर भांड्यात पाणी एवढं खोल ठेवा की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, पण अंग आत जाणार नाही. नाकपुड्या आणि डोळे धुता आले नाहीत तर ते चिकटतात. कोरडा भरडा घशात अडकतो, म्हणून खाद्य ओलसर करून आणि पाण्याशेजारीच घाला. ओलं उरलेलं संध्याकाळी फेकून द्या.

चौथ्या आठवड्याला कॉलऱ्याची लस झाली नसेल तर आता विचारा, डक प्लेगची आठव्या ते बाराव्या आठवड्यात. दवाखान्यात संख्या आधी कळवा, बदकाची लस सगळीकडे तयार ठेवलेली नसते.