कुलाबा किल्ला पायी पाहण्यासाठी दिवाळीनंतरची कोणती तिथी धरावी?

प्रश्न (दर्यापूर तालुका, अमरावती)

सोयाबीन घरात आले आहे आणि कपाशीच्या पहिल्या वेचणीनंतर चार दिवस मोकळे मिळतील. माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मात्र गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले त्यांनीच मला लहानपणी बोट धरून दाखवले. ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, असे ऐकतो. आमच्याकडे भरती-ओहोटीचा अनुभव कोणालाच नाही, म्हणून विचारतो की दिवस आणि वेळ कशी ठरवावी?

उत्तर (मूळ यवतमाळ जिल्हा, सध्या नोकरीनिमित्त अलिबाग)

पंचांग घरी असेलच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते आणि तिच्या आधी-नंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी असते. चतुर्थीला भरती दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी पुरेसे ओसरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते खूप ओसरते, परंतु वेळ अगदी पहाटेची किंवा तिन्हीसांजेची असते. म्हणून भाऊबीजेच्या रात्री बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने निघावे, गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरून बसने अलिबाग गाठावे आणि चतुर्थीच्या सकाळी किल्ला पाहावा. वडिलांना समुद्र पहिल्यांदा लाँचमधूनच दिसेल, याचा मला फार आनंद वाटतो. तरीही निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना वेळ विचारावीच, कारण पाणी चढू लागल्यावर परतीची वाट राहत नाही.

उत्तर (अकोट तालुका, अकोला)

आम्ही मागच्या कार्तिकात आईला घेऊन गेलो होतो. वाटेतल्या खडकांवर शेवाळ असते, त्यामुळे वडिलांसाठी घोडागाडी करावी. शरदाचे ऊन तिथे दमट असते आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हापेक्षा लवकर थकवते.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू करवले आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाला. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर ओसरतो. गाविलगडाचा तट ज्याने जवळून पाहिला आहे, त्याने इथे घटकाभर थांबलेच पाहिजे. राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आत आहे आणि चहूकडे खारे पाणी असताना विहीर मात्र गोड पाण्याची आहे. परतल्यावर गावातली कान्होजींची समाधी पाहावी.

प्रश्नकर्ता

दोघांचाही मनापासून आभारी आहे. भाऊबीजेच्या रात्रीचे आरक्षण आजच केले. विहिरीविषयीचा मजकूर वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांना नरनाळ्यावरचा शक्कर तलाव आठवला आणि त्या विहिरीचे पाणी आपण स्वतः चाखून पाहणार, असे त्यांनी सांगितले.